तिथंच का नाही वाजवलीस?

बेळगाव,
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

ढाब्यावर एका प्यालेल्या पोरानं त्रास दिला ते परवा फोनवर सांगितलं, तर तू विचारलंस, "तिथंच त्याच्या कानाखाली का नाही वाजवलीस?" मी गप्प बसले आणि तुला वाटलं, हिच्याकडं उत्तर नाही. उत्तर होतं, पण फोनवर मावणारं नव्हतं. आज सकाळपासून पाऊस लागून राहिलाय, कुठं जायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या रात्री आम्ही सहाजणी होतो. एकीला नोकरी लागली म्हणून शिनोळीच्या पुढं एका ढाब्यावर जेवायला गेलो होतो, तीन ॲक्टिव्हा घेऊन. तुम्ही पोरं 'चला' म्हणता आणि निघता. आमचं निघायच्या आधी किती काय ठरतं, ते तुला माहीत नसणार. बाथरूमला एकटीनं जायचं नाही. लोकेशन सगळ्यांनी चालू ठेवायचं. पेट्रोल आधीच भरून घ्यायचं, वाटेत थांबायला नको. घरी गेल्या गेल्या ग्रुपवर 'पोचलो' टाकायचं, आणि सहा 'पोचलो' आल्याशिवाय कुणी झोपायचं नाही. हे आम्हाला कुणी बसून शिकवलं नाही. बारावीनंतर कधीतरी आपोआप अंगवळणी पडलं.

तो शेजारच्या टेबलावर होता. आमचं बोलणं ऐकून उठून आला. "मराठीच न्हवं तुम्ही? कुठल्या, अनगोळच्या काय?" मी हसून 'हो' म्हणाले. त्या हसण्यावर तू नंतर बोट ठेवलंस, म्हणून सांगते. ते हसू त्याच्यासाठी नव्हतं. अनोळखी माणूस, प्यालेला, बरोबर तीन दोस्त, बाहेर अंधार. चिडला तर काय करील याचा अंदाज येईपर्यंत तोंडावर जे ठेवावं लागतं, ते हसू. मनात तेव्हा हिशोब चालू असतो: दार कुठल्या बाजूला आहे, गाडीची किल्ली कुणाकडं आहे, गल्ल्यावरचा माणूस बघतोय का.

मग त्यानं नंबर मागितला. मी नाही म्हणाले. पुन्हा मागितला, पुन्हा नाही. पूर्वी आमच्यातल्या पोरी शेवटचा आकडा चुकवून नंबर द्यायच्या. आता ते चालत नाही, समोरच मिस कॉल देऊन रिंग वाजते का बघतात. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्यानं खांद्यावर हात ठेवला. मी बंद फोन कानाला लावला, "हां, निघालोच बघ, तू कुठवर आलायस?" आणि त्याला सांगितलं, "नवरा येतोय न्यायला, बाचीपर्यंत आलाय."

हात लगेच निघाला. "सॉरी हं वहिनी," म्हणाला.

मित्रा, माझं लग्न झालेलं नाही हे तुला माहीत आहे. मी तीनदा दिलेला नकार त्याला ऐकूच आला नाही, आणि कुठंच नसलेल्या नवऱ्याची त्यानं माफी मागितली. घरी येऊन मी रडले ती या एका वाक्यावर. त्या हातावर नाही.

बिल देऊन निघालो. नवरा काही आला नाही हे त्यानं बघितलं असणार, कारण बाचीच्या अलीकडं मागं बुलेटचा दिवा दिसला. तुरमुरी गेलं, सुळगा गेलं, दिवा मागंच. आम्ही हळू झालो की तो हळू. कधी शेजारी येऊन काहीतरी बोलायचा, पुन्हा मागं. एकीचं घर हिंडलग्यातच आहे, पण ती घराकडं वळली नाही. कसं वळणार? त्याला दार दाखवल्यासारखंच झालं असतं. आम्ही पेट्रोल पंपावर लाईटखाली सहाही जणी उभ्या राहिलो. वीस मिनिटं. पंपावरची पोरं नुसती बघत होती. शेवटी तो गेला. आता तूच सांग, मी ढाब्यावर त्याच्या कानाखाली वाजवली असती, तर तुरमुरीच्या अंधारात त्या बुलेटनं काय केलं असतं?

त्याला मी ओळखलं होतं. गेल्या गणपतीत तुमच्या मंडपात तुझ्या गळ्यात हात टाकून उभा होता. म्हणून तर तुला सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "पोरगा तसा वाईट नाही, पिऊन होता. आणि पोलिसात कशाला जातीस? आपलाच मराठी पोरगा, कन्नड पोलिसांच्या हातात द्यायचा?"

हे मला फार लागलं. माझी आई दर १ नोव्हेंबरला काळी साडी नेसून काळ्या दिनाच्या फेरीत चालत आलीय. मी पोटऱ्या दुखेपर्यंत तिच्या मागनं चाललेय. १९५६ साली आपल्याला न विचारता आपलं घर दुसऱ्या राज्यात घातलं, ही गोष्ट मला दुधाबरोबर मिळालीय. आपलं 'नाही' कुणी ऐकलं नाही, हेच तर आपलं आजवरचं दुखणं आहे ना? मग त्याच मराठीपणाचं नाव घेऊन तू मला गप्प बसायला कसं सांगतोस? त्यानं मला पहिला प्रश्न 'मराठीच न्हवं?' हाच केला होता. मी आपली आहे हे कळल्यावर त्याची भीड वाढायला हवी होती, ती चेपली.

गल्लीतल्या वकीलताईंना विचारून आले. ढाबा चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि पाठलाग झाला तो बहुतेक कर्नाटकात. मला वाटलं, दोन्ही ठाणी एकमेकांकडं बोट दाखवणार. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, पुढं ते तो योग्य ठाण्याकडं पाठवतात. अशी तक्रार बाई अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते, वाचून दाखवायची असते, आणि प्रत फुकट द्यायची असते. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात लैंगिक हेतूनं केलेला नको असलेला स्पर्श कलम ७५ खाली येतो, आणि बाई स्पष्ट नको म्हणत असताना वारंवार मागं लागणं कलम ७८ खाली. दोन्हींना पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या रात्री ११२ हा पोलीस मदतीचा नंबर लावायला हवा होता, तो दोन्ही राज्यांत चालतो. सहाजणींपैकी एकीलाही सुचलं नाही. आता तो सगळ्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर आहे. तक्रारीचं अजून ठरलेलं नाही. ठरेल ते आम्ही सहाजणी मिळून ठरवू.

तुला आणखी एक सांगायचंय, आजवर कधी सांगितलं नव्हतं. आपण दहावीत होतो त्या वर्षी विसर्जनाच्या रात्री मी घरच्यांपासून चुकले होते. कपिलेश्वर तलावाच्या अलीकडं गर्दीत एक माणूस अंगाला खेटून चालायला लागला. आईनं घरातनं निघताना सेफ्टी पिन दिली होती, तिच्या आईनं तिला दिली तशी. पण माझे हात जागचे हलेनात. तेवढ्यात एका बाईनं दंडाला धरून ओढलं. "काय गं, कवापास्नं शोधायलोय तुला! चल." मी तिला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. तिनं त्या माणसाकडं मानही वळवली नाही. मला झेंड्यापाशी उभ्या असलेल्या बायकांच्यात नेऊन सोडलं, हातावर चुरमुरे ठेवले आणि गेली. चेहरासुद्धा आठवत नाही, बांगड्यांचा आवाज तेवढा आठवतो.

म्हणून मला तुझ्याकडनं कानाखाली वाजवलेली नकोय. मारामारी करून आलास तर त्याचा राग पुन्हा आमच्यावरच निघेल. चतुर्थीला येशील तेव्हा तो मंडपात असणारच. तेव्हा त्याच्याशी बोल. चारचौघांत नको, बाजूला घेऊन, पण हसत हसतही नको. सांग की ती माझी मैत्रीण आहे म्हणून नव्हे, ती नाही म्हणाली म्हणून. वहिनी नसती तरी हात काढायचा होतास, असं सांग. माझं त्यानं ऐकलं नाही, तुझं ऐकेल. मला ते कडू लागतं, पण आज तरी तसंच आहे. आणि बाकीची पोरं 'जाऊ दे की, प्यालेला होता' म्हणायला लागली की तू त्यांच्यात मिसळू नकोस.

देखावे बघायला आम्ही सहाजणी येणार आहोत. तुमच्या गल्लीतही येऊ, तो असला तरी येऊ. त्याच्याशी बोलून झालं की मला फोन कर. कितीही रात्र झाली तरी जागी असेन.

तुझी,
दहावीपासूनची मैत्रीण