किनाऱ्याच्या भूजलाला किमान पातळी ठरवून द्या : पाणी खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

किनाऱ्याजवळची एखादी विहीर खारी झाली की तक्रार येते, पाण्याचा नमुना तपासायला जातो, पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा अहवाल येतो आणि मग टँकरची सोय होते. या क्रमातली प्रत्येक गोष्ट नियमाला धरून असते आणि प्रत्येक गोष्ट उशिराची असते. विहिरीच्या तोंडाशी मीठ पोहोचते, तेव्हा ज्या कारणाने ते आत आले ते कारण कित्येक वर्षे जुने झालेले असते. म्हणून या पत्रात मी एकच मागणी करतो आहे. किनाऱ्यालगतच्या प्रत्येक जलधरासाठी, म्हणजे भूजल साठवून ठेवणाऱ्या खडकाच्या थरासाठी, भूजलाची किमान पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, स्पष्ट आकड्यात, कायद्याने ठरवावी. आणि पाणी त्या पातळीकडे उतरू लागले की उपसा आपोआप कमी होईल, अशी तरतूद त्याच नियमात असावी.

खाऱ्या पाण्याची तपासणी पुरेशी असताना पातळीचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न आपल्या खात्यातूनच येईल. त्याचे उत्तर घनतेच्या एका लहानशा फरकात आहे. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५ भरते. फरक अवघा अडीच टक्क्यांचा, पण किनाऱ्याखालचा सगळा व्यवहार त्यावर चालतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते, आणि समुद्रसपाटीच्या वर त्याची उंची एक मीटर असेल तर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते खाऱ्या पाण्याला दाबून ठेवते. नेदरलँड्समधील लष्करी अभियंते बाडोन घायबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये हे गणित स्वतंत्रपणे मांडले. आज ते दोघांच्या जोडनावाने शिकवले जाते. त्याची उलट बाजू मात्र कार्यालयांत फारशी बोलली जात नाही. वरची पातळी एक मीटरने उतरली, तर खालची खारी सीमा चाळीस मीटर वर येऊ पाहते. वर दिसते ती एक मीटरची घट, आणि खाली हरवते ते चाळीस मीटर जाडीचे गोडे पाणी.

हे गणित स्थिर पाण्याचे आहे, हे मान्य. प्रत्यक्षात पाणी वाहते, खडक सगळीकडे सारखा नसतो, आणि गोड्या-खाऱ्या पाण्यातली सीमा रेषेसारखी नसून मिश्र पाण्याचा पट्टा असतो. शिवाय ती सीमा नव्या जागी एका रात्रीत जात नाही. तिला वर्षे, कुठे कुठे दशकेही लागतात. माझ्या मते नियमाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. पातळी आज उतरते आणि मीठ नंतर येते. जो नियम मिठाची वाट पाहतो, तो आज झालेल्या उपशाची शिक्षा पुढच्या पिढीच्या विहिरीला देतो. उलटा प्रवास तर त्याहून धिमा असतो. उपसा थांबवला तरी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरलेले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन निघायला फार मोठा काळ लागतो.

आणि बिघडायला लागते ते मीठ किती? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक मुख्य घटक, असते. पिण्याच्या पाण्यात ते २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. शंभर बादल्या गोड्या पाण्यात समुद्राच्या दोन बादल्या मिसळल्या, तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अठ्ठ्याण्णव टक्के गोडे पाणी शिल्लक असलेला जलधर अशा रीतीने पिण्यासाठी निकामी होतो.

निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. किनाऱ्याजवळच्या खोल विहिरीत विद्युतवाहकता (पाणी जितके खारे तितकी ती जास्त) मोजणारे यंत्र मीटर-मीटरने खाली सोडत गेले, की सुरुवातीला काहीच घडत नाही. आकडा जवळजवळ तोच राहतो आणि नोंद करणाऱ्याला कंटाळा येऊ लागतो. मग एका ठरावीक खोलीला आकडा हलतो, पुढच्या मीटरला दुप्पट होतो, आणि आणखी काही मीटरांत समुद्राच्या पाण्याच्या जवळ जातो. त्याच विहिरीच्या वरच्या थरातून बादलीभर पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवले, तर अहवाल उत्तम येतो. तो अहवाल खोटा नसतो. खालून काय वर येते आहे, एवढेच त्याला ठाऊक नसते. अशा जागी जोरकस पंप बसवला की त्याच्या नेमके खाली खारे पाणी शंकूसारखे वर ओढले जाते, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड असताना ती एकटीच मचूळ होते. मग मालक खोली वाढवतो. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या आणखी जवळ जातो.

आता पातळीच्या नोंदींबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नियम कागदावर कितीही चांगला केला तरी तो इथेच अडेल. विहिरीतली पातळी मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, फीत विहिरीच्या काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून आत सोडायची, आणि वर ओढल्यावर खडू जिथवर भिजून गडद झाला आहे तो आकडा वाचायचा. काम साधे आहे आणि नीट केले तर सेंटिमीटरपर्यंत अचूक होते. परंतु त्यातून मिळते ती पाण्याची जमिनीपासूनची खोली. नोंदवहीत ‘जमिनीपासून ६.४० मीटर’ असे लिहिले जाते आणि वर्षानुवर्षे त्याचेच आलेख निघतात. समुद्राला आपल्या जमिनीशी देणेघेणे नाही. काठावरची ती खूण समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे काटेकोर सर्वेक्षणाने ठरवलेले नसेल, तर ६.४० मीटर खोलीवरचे पाणी समुद्राच्या वर आहे की खाली, हे त्या नोंदवहीतून कधीच कळणार नाही. खुणेची उंची नकाशावरून अंदाजाने घेतली आणि ती अर्ध्या मीटरने चुकली, तर गोड्या पाण्याच्या जाडीचा अंदाज वीस मीटरने चुकतो. त्यात भरती-ओहोटीबरोबर किनाऱ्याजवळच्या विहिरींची पातळी वरखाली होते. एका महिन्यात भरतीला आणि पुढच्या महिन्यात ओहोटीला मोजलेले आकडे शेजारी मांडले, तर भूजल वाढले की घटले याचा निष्कर्ष नशिबावर सोडल्यासारखे होते. विहिरीच्या तळाशी खारे पाणी असेल तर त्या जड स्तंभामुळे पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि तिची दुरुस्ती करूनच तुलना करावी लागते. या गोष्टी क्लिष्ट नाहीत. फक्त त्यांच्यावर कुणाची जबाबदारी नसते.

किमान पातळी ठरवायची कशी, याचा सोपा नमुना देतो. जलधराचा तळ समुद्रसपाटीखाली ६० मीटरवर असेल, तर वरच्या प्रमाणानुसार जिथे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर दीड मीटर आहे, तिथपर्यंत खाऱ्या पाण्याच्या पाचरीचे, म्हणजे गोड्या पाण्याखाली समुद्राकडून आत निमुळत्या होत गेलेल्या खाऱ्या थराचे, टोक पोहोचते. म्हणजे विहिरींचा पट्टा वाचवायचा असेल, तर त्याच्या समुद्राकडच्या बाजूला दीड मीटरची पातळी टिकवावी लागेल, आणि मिश्र पट्ट्याचा विचार करून त्यावर काही राखीव ठेवावी लागेल. खरा आकडा प्रत्येक ठिकाणच्या अभ्यासाने निघेल. संपूर्ण किनाऱ्याला एकच आकडा लावणे सोयीचे असले तरी चुकीचे ठरेल.

ही कल्पना माझ्या मनातली नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९७२च्या जलकायद्यात किमान प्रवाह आणि किमान पातळी यांची तरतूद केली. ज्या पातळीखाली आणखी उपसा केल्यास जलस्रोताला लक्षणीय हानी पोहोचेल ती किमान पातळी, अशी तिची व्याख्या आहे. त्याच राज्याच्या नैऋत्य भागात खाऱ्या पाण्याच्या आक्रमणासाठी जलधराची स्वतंत्र किमान पातळी ठरवली गेली. ती साधारण १३ फुटांची असून काही निवडक विहिरींच्या दीर्घ सरासरीवर तपासली जाते, आणि तिथवर पोहोचण्यासाठीचा आराखडा २००६ मध्ये आखून २०२५ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. आक्रमण पूर्ण थांबवण्याऐवजी त्याचा वेग कमी करणे हेच तिथे उद्दिष्ट ठेवले गेले. हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो, कारण किती विहिरी वाचतील आणि किती जातील हे त्यात आधीच सांगावे लागते. कॅलिफोर्नियाच्या २०१४च्या भूजल कायद्यात समुद्राचे आक्रमण हा टाळायच्या परिणामांपैकी एक आहे, पण तिथे त्याची मर्यादा क्लोराइडच्या समरेषेवरून, म्हणजे क्लोराइडचे प्रमाण सारखे असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषेवरून, ठरते. माझ्या मते दोन्ही हवेत : क्लोराइडची रेषा नुकसान किती झाले हे सांगण्यासाठी, आणि पातळीची रेषा उपसा थांबवण्यासाठी. हुकूम मात्र पातळीचा चालला पाहिजे.

दीर्घ सरासरीचा एक धोकाही आहे. दहा वर्षांची सरासरी एका कोरड्या वर्षाने डगमगत नाही, हे नियोजनाला चांगले. पण तीच सरासरी सलग तीन कोरड्या हंगामांतली घसरण झाकून टाकते. म्हणून नियोजनासाठी सरासरी आणि त्याच हंगामात कृती करण्यासाठी कोरड्या काळातली नीचांकी पातळी, अशा दोन रेषा असाव्यात. पाणी या रेषांकडे उतरत जाईल तसे तीन टप्प्यांत इशारे असावेत : पहिल्या इशाऱ्याला नव्या परवानग्या थांबाव्यात, दुसऱ्याला मोठ्या पंपांचे तास कमी व्हावेत, आणि तिसऱ्याला पिण्याव्यतिरिक्तचा उपसा किनाऱ्यापासून दूरच्या विहिरींकडे वळवावा. कपातीचा क्रम आधी जाहीर असला तर ऐन टंचाईत कुणाला कुणाच्या दारी जावे लागणार नाही.

रेषा ठरवल्यावर ती हलवण्याचा मोह होतो, हेही लिहून ठेवले पाहिजे. इस्रायलमधील किनेरेट सरोवराला तळाची लाल रेषा, म्हणजे पाणी जिच्याखाली उतरू द्यायचे नाही अशी पातळी, होती. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात पाणी तिच्यापर्यंत उतरल्यावर रेषाच खाली सरकवण्यात आली. ते सरोवर आहे, जलधर नव्हे. पण कार्यालयीन मन दोन्हीकडे सारखेच. म्हणून किमान पातळी बदलायची असेल तर नव्या शास्त्रीय अभ्यासाच्या आधारे, जाहीर सुनावणीनंतर आणि टंचाईच्या हंगामाबाहेरच बदलता यावी. समुद्राची सरासरी पातळी वाढते आहे, त्यामुळे दर काही वर्षांनी फेरविचार लागेलच. पण त्या कारणाने होणारा बदल ही रेषा वर नेणारा असेल.

पुनर्भरणाच्या, म्हणजे जमिनीत पाणी परत मुरवण्याच्या, योजनांना माझा विरोध नाही. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकापासून विहिरींच्या रांगेतून पाणी आत सोडून गोड्या पाण्याचा बांध उभा करण्याचे काम सुरू झाले. ऑरेंज काउंटीत १९७६ पासून शुद्ध केलेले सांडपाणी त्यासाठी वापरले गेले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर अतिउपशाने चुनखडकात खारे पाणी शिरल्यावर गुजरात सरकारने १९७६ आणि १९७८ मध्ये उच्चस्तरीय समित्या नेमल्या, आणि पुढे बंधारे, भरती-नियंत्रक (भरतीचे पाणी आत येऊ न देणारी दारे) व पुनर्भरण कालवे झाले. परंतु पातळीचा आकडा बांधलेला नसेल, तर पुनर्भरणाने वाढलेले पाणी पुढच्याच हंगामात नव्या पंपांच्या वाट्याला जाते आणि बंधाऱ्याचा खर्च खारे पाणी होते तिथेच ठेवतो.

शेतकरी आणि पाणीपुरवठा संस्था यांचा विरोध होईल, आणि तो वाजवी असेल. ज्याच्या विहिरीचे पाणी आज गोड आहे, त्याला उद्याच्या पाचरीसाठी आज पंप बंद करायला सांगणे सोपे नाही. म्हणून कपातीबरोबर पर्यायी पाणी, नाहीतर भरपाई, हे नियमातच असावे. आणि प्रत्येक निरीक्षण विहिरीचा समुद्रसपाटीपासूनचा आकडा, तिथली किमान पातळी आणि आजची पातळी, अशी तीन मापे लोकांना वाचता येतील अशी त्या विहिरीजवळच फलकावर लिहिलेली असावीत.

हे सर्व एकदम होणार नाही. आपल्या खात्याने पहिला आदेश काढायचा तर तो किमान पातळीचा नसला तरी चालेल. किनारी निरीक्षण विहिरींच्या काठावरील खुणांची उंची समुद्रसपाटीपासून काटेकोर मोजून, ती विहिरीवर कोरून आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून घेण्याचा तो आदेश असावा. त्याला नवा कायदा लागत नाही, आणि येत्या कोरड्या हंगामाआधी तो पूर्ण होऊ शकतो.

आपला विश्वासू,
निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवणारा एक निवृत्त कर्मचारी