ट्रायल अजून आलीच नाही

प्रिय संद्या,

कसा आहेस? त्या नव्या बिलिंग सॉफ्टवेअरचं विचारत होतास ना, अरे त्याची ट्रायल अजून आलेलीच नाही. दिवाळीत कंपनीवाले म्हणाले डिसेंबरात देतो, मग संक्रांत झाली की देतो, मग पुढच्या आठवड्यात नक्की, आणि आता शिमगा झाला तरी तेच चाललंय. फोन केला की दरवेळी नवीनच पोरगं उचलतं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागतं. लई राग येतो बघ.

तुला सांगलीचं मार्केट यार्ड माहितीच आहे. हळदीचे सौदे आता जोरात आहेत, सौदा झाला की वजन, मग हमाली तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या पैशाच्या हिशोबाचा कागद, तिकडं खरेदीदाराचं बिल, त्यात ५ टक्के जीएसटी, आणि पट्टीसाठी थांबलेल्या माणसाला गावाकडची एसटी धरायची असते. मला फुकटात वापरायचं म्हणून ट्रायल नकोय रे, आमची पट्टी त्यात नीट बसते का ते बघायचंय. आमची सगळी खाती जुन्या फॉन्टात टाईप केलेली, युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या कम्प्युटरच्या मराठीत, घेतली की शेतकऱ्यांची नावंच वाचता येत नाहीत. हे डेमोच्या व्हिडिओत कुठं कळतंय, आपला डेटा टाकूनच कळणार.

आणि बदलायचं तर १ एप्रिललाच बरं पडतं. जीएसटीत बिलाचे नंबर वर्षभर ओळीनं लागतात, मधेच बदललं की वेगळी सिरीज काढा, बाक्या परत भरा, स्टॉक जुळवा, त्यात ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, गेलंच पाहिजे.

ते म्हणतात अजून चुका निघतायत. निघू देत की, ट्रायल असते कशाला मग? तू सॉफ्टवेअरचंच काम करतोस, उशीर होतो हे मला मान्य आहे. पण जमणार नाही हे त्यांना आधीच दिसलं असणार, तेव्हाच सरळ सांगितलं असतं की मे उजाडेल, तर मी काहीच बोललो नसतो. गिऱ्हाईकाला खरी तारीख सांगायला काय जातं?

काल शेवटी जुन्याचंच वर्षाचं रिन्युअल भरलं. पाडव्याला येणार असशील तर अर्धा दिवस माझ्यासाठी काढ, त्या जुन्या फॉन्टातली नावं युनिकोडमध्ये न्यायचं काही जमतंय का बघू, सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी ते करावंच लागणार आहे. वहिनींना नमस्कार सांग, आई तुझी आठवण काढते.

तुझा,
बाळ्या