सोडलेला मासा जगला का, तेही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या धरणावर झालेल्या गळाच्या मासेमारी स्पर्धेची बातमी आपल्या अंकात वाचली. पकडलेले सगळे मासे जिवंत सोडले, एकही दगावला नाही, असं आयोजकांनी सांगितल्याचं त्यात आहे. मी भोई समाजाचा, याच धरणावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद. आमची जाळी त्याच पाण्यात पडतात, म्हणून हे पत्र. हातातून सुटलेला मासा शेपटी हलवत खोल गेला, एवढ्यावरून तो जगला असं ठरत नाही.

मेलेला मासा बहुधा लगेच वर येत नाही. आधी तळाला बसतो, पोटात वायू धरला की मग तरंगतो. उन्हाळ्यात त्याला एक-दोन दिवस लागतात, थंडीत जास्त. तोवर मांडव उतरलेला असतो आणि गाड्या पुण्याला पोचलेल्या असतात. स्पर्धेनंतर वारा ज्या काठाला लागतो तिथे आम्हाला फुगलेले कटले सापडले, जबड्याला गळाची ताजी भोकं असलेले. घारींनी आणि कुत्र्यांनी नेले ते वेगळेच.

मासा मरतो तो गळाच्या जखमेनेच असं नाही. मोठा मासा तंगुसाला लागला की दमेपर्यंत झुंजतो, अंगात आम्ल साठतं. त्याच वेळी त्याला सर्वांत जास्त प्राणवायू हवा असतो आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. हवेत कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात, श्वास बंद होतो. मग कोरड्या हातांनी धरणं, फोटो, पिशवीत घालून वजनकाट्यापर्यंत नेणं, वजन, पुन्हा फोटो. अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले सुटतात, पुढे ती जागा चिघळते.

माझी मुलगी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. तिने मला कॅनडातला 1992 सालचा एक अभ्यास समजावून सांगितला. ट्राउट माशांना दमेपर्यंत पळवलं आणि लगेच पाण्यात राहू दिलं, तर बारा तासांनी 88 टक्के जिवंत होते. दमवून फक्त अर्धा मिनिट हवेत धरलेले 62 टक्के जगले, एक मिनिट धरलेले 28 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा, आपला रोहू त्याहून चिवट, हे मला मान्य आहे. मरळ तर हवेतून श्वास घेतो, ओल्या गोणपाटातही तग धरतो. कटल्याचं तसं नाही. तो पाण्याबाहेर फार लवकर मान टाकतो हे कोणताही भोई सांगेल, आणि स्पर्धेत बक्षिसाला जातो तो बहुधा कटलाच.

अमेरिकेत बास माशाच्या स्पर्धांत 1972 पासून मासे जिवंत सोडण्याची चळवळ सुरू झाली. होड्यांत हवा खेळवलेल्या टाक्या आल्या. तरीही अनेक स्पर्धांचे आकडे एकत्र केले तेव्हा सुमारे पाव हिस्सा मासे दगावत असल्याचं दिसलं, त्यातले बहुतेक सोडल्यानंतर. पाणी जितकं कोमट तितकं मरण जास्त. त्याचं कारण सरळ आहे: 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसात. आपल्याकडे स्पर्धा ठेवतात त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत!

मेमध्ये आणखी एक गोष्ट घडते. पावसाच्या तोंडावर माद्यांची पोटं गाभोळीने भरलेली असतात. वजनावर बक्षीस लावलं की काट्यावर जास्तीत जास्त याच माद्या येणार.

गळ टाकणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांच्यातले कितीतरी जण पाण्यावर जीव असलेले आहेत. कावेरीत महासीरचा अभ्यास झाला तेव्हा गळाला लागलेले आणि तिथल्या तिथे सोडलेले मासे बहुतेक तगले. म्हणजे मासा वाचू शकतो, त्याला काट्यापर्यंतची वरात तेवढी नको. कोणी म्हणेल, तुम्ही तर जाळ्यांनी मारताच. मारतो, त्यावरच आमची चूल पेटते. पण त्या प्रत्येक किलोची नोंद संस्थेच्या वहीत असते. बोटुकलीही, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आम्हीच विकत घेऊन धरणात सोडतो. स्पर्धेत मेलेला मासा मात्र कुठल्याच वहीत नाही.

म्हणून आयोजकांना विनंती आहे. वजनाऐवजी लांबीवर बक्षीस द्या. मासा पाण्यातल्या झोळीतच ठेवा, गळ काढा, ओल्या मोजपट्टीवर क्षणभर ठेवून एक फोटो घ्या आणि पंचांसमोर तिथेच सोडा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे तो निघायला वेळ लागणार नाही. मार्च ते पावसाळा स्पर्धा ठेवू नका. परवानगी देणाऱ्यांनीही या अटी कागदावर घालाव्यात.

पुढच्या स्पर्धेत पकडलेल्या माशांपैकी काही आमच्या हवाली करावेत. संस्था स्वतःच्या खर्चाने खोल पाण्यात जाळीचा पिंजरा बांधील, आणि त्यांच्याच जोडीला गळाला न लागलेले तेवढेच मासे शेजारच्या पिंजऱ्यात ठेवील, म्हणजे पिंजऱ्यानेच मेले अशी शंका राहणार नाही. पाच दिवस राखण आम्ही करू. सहाव्या दिवशी आयोजकांनी आणि आपल्या वार्ताहरांनी यावं, दोन्ही पिंजरे त्यांच्यासमोर उघडू. जो आकडा निघेल तो आपण छापावा, आमच्या म्हणण्याविरुद्ध निघाला तरीही.

आपला,
एक भोई, मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद
पुणे जिल्हा