वाटी खाली ठेव, बयो

प्रिय बयो,

तुझं पत्र परवा मिळालं. मुलं झोपल्यावर वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. दीड तास वाटी घेऊन लेकाच्या मागे फिरलीस, चार घास गेले, त्यातले दोन त्याने थुंकले, आणि मग तू बाथरूमचं दार लावून रडलीस. त्या दारामागे मीही बसलेय गं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. पत्र लांबेल, पण निवांत वाच.

आधी हे डोक्यातून काढून टाक की त्याचं काहीतरी बिनसलंय किंवा तुझं काहीतरी चुकतंय. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र ते जेमतेम २ ते २.५ किलोच वाढतं. वाढच मंदावली म्हटल्यावर भूक तेवढी कशी राहील? पण आपल्या डोळ्यांसमोर असतं ते आठ महिन्यांचं बाळ, चमचा दिसला की चोच उघडणारं. त्यात दोन वर्षांच्या आसपास मुलांना नव्या पदार्थाची धास्ती वाटू लागते. काल आवडीने खाल्लेलं आज ताटाबाहेर. नुकतं पाय फुटलेलं मूल दिसेल ते पान, दिसेल ते फळ तोंडात घालत सुटलं तर जिवावर बेतेल, म्हणून हा संशय निसर्गानेच दिला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. शाळेच्या वयात तो हळूहळू ओसरतो.

तू त्याचा दिवस लिहिलास ते फार बरं केलंस. मी तो कागदावर उतरवून काढला. उठल्या उठल्या बाटलीभर दूध. तासाभराने बिस्किट. मग फळांच्या रसाचा कप, तो दुपारपर्यंत हातातच, घोट घोट चालू. जेवणात चार घास. काहीच खाल्लं नाही म्हणून पुन्हा बाटली. संध्याकाळी केळं, पुन्हा बिस्किट. रात्री बाटली तोंडात घेऊनच झोप, आणि पहाटे रडला की आणखी एक. बयो, हे मूल उपाशी नाही. त्याला भूक लागायला मधे वेळच मिळत नाहीये. आणि त्याच्या दातांनाही मिळत नाहीये.

'काहीतरी तर पोटात गेलं' हे वाक्य माझ्या तोंडी दोन वर्षं होतं. ते आपल्याला धीर देतं, म्हणून सुटत नाही. त्याने माझ्या लेकीचं काय झालं ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही, आज सांगते.

ती अडीच वर्षांची असेल. दुपारी गादीवर उताणी पडून खिदळत होती, वरचा ओठ वर सरकला, आणि पुढच्या दातांवर हिरडीच्या अगदी कडेला मला एक पांढरी रेघ दिसली. खडूने ओढल्यासारखी, बिनचकाकीची. मला वाटलं दूध सुकलंय. ओल्या फडक्याने पुसलं, निघेना. मी तेवढ्यावर सोडून दिलं. चार-पाच महिन्यांत ती रेघ पिवळट, मग तपकिरी झाली आणि एका दाताचा कोपरा उडाला. डेंटिस्ट म्हणाल्या, ती पांढरी रेघ हीच किडीची पहिली खूण. दातातले क्षार निघून जायला लागलेले असतात, पण खड्डा पडलेला नसतो. तेव्हाच आला असतात तर रात्रीची बाटली बंद करून, दात बळकट करणारं फ्लोराइड लावून बहुतेक तिथेच थांबवता आलं असतं.

आणि खरी गोष्ट त्यापुढची आहे. आतली एक दाढही किडली होती. ती घास गालात धरून तासन् तास बसायची, गार काही दिलं की मान फिरवायची, चावायचं सगळं नाकारायची. मी तिला हट्टी म्हणत होते, बयो. तिला दुखत होतं. एवढ्या लहान मुलाला 'दाढ ठणकते' असं सांगता येत नाही, त्याला फक्त तोंड मिटून घेता येतं. दाढ भरली आणि थोड्याच दिवसांत ती चावू लागली. म्हणून तुझ्या लेकाच्या जेवणाचा विचार करताना आधी त्याच्या तोंडात बघ, असं मी म्हणते.

दात किडतात कसे, हे मला तेव्हा नीट ठाऊकच नव्हतं. गोड खाल्लं की दात किडतात, एवढंच. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लात दातावरचं कवच विरघळायला लागतं. दातांचे संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं: साखर तोंडात गेली की काही मिनिटांतच आम्ल वाढतं, आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास जातो. तेवढ्यात लाळ आम्ल धुऊन काढते, गेलेले क्षार थोडे थोडे परत भरते. म्हणजे दात रोज झिजतो आणि रोज दुरुस्तही होतो, फक्त दुरुस्तीला सवड हवी. आता तो रसाचा कप आठव. दर दहा मिनिटांनी एक घोट म्हणजे दर दहा मिनिटांनी ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

याचा आणखी एक पुरावा आहे, तो वाचताना मला फार त्रास झाला. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर १९४० च्या दशकात प्रयोग झाले. त्यांची संमती न घेता त्यांना चिकट टॉफ्या खाऊ घातल्या आणि दात किडताना पाहिले. फार मोठा अन्याय होता तो. त्यातून कळलं ते हे की जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने त्या मानाने थोडंच नुकसान होतं. दोन जेवणांच्या मधे पुन्हा पुन्हा खाल्लेली, दातांना चिकटून राहणारी साखर मात्र दात खाऊन टाकते. त्या माणसांनी हे भोगलंय, तर निदान आपण ते वाया जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बिस्किट, मनुका, चघळायच्या गोड व्हिटॅमिनच्या गोळ्या, सगळं याच चिकट्या जातीचं. मनुका पौष्टिक आहेत, पण त्या जेवणासोबत दे, खिशात भरून नको.

रात्री तर लाळ फारच कमी सुटते. बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ येते म्हणून ते वाचतात, वरचे चार जातात. 'दुधाचेच तर दात, पडणारच आहेत' असं तुला घरात कोणीतरी म्हणेल, मलाही म्हणाले होते. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. त्यांनीच चावायचं असतं, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही त्यांनीच राखायची असते. शिवाय त्यांचं कवच पातळ, कीड आत पोहोचायला वेळ लागत नाही.

दुधाचं आणखी एक. तो दिवसात चार बाटल्या पितो म्हणजे लिटरभर होत असेल. दूध चांगलंच आहे, पण त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि ते पोटाची सगळी जागा अडवतं. मग रक्तातलं लोह घटतं, आणि लोह घटलं की भूक आणखी मरते. या वयात दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं, तेही कपातून. रसाबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आत अजिबात नको, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर १२० मिलीलीटर. मी म्हणते तेवढाही कशाला, अख्खं फळ दे. घरी काढलेला, साखर न घातलेला रस असला तरी दाताला तो साखरेचंच पाणी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की दिवसभराचं खाणं पाच बैठकांत बसव. तीन जेवणं, दोन मधली खाणी, दोन बैठकांत अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात फक्त साधं पाणी. त्याच मोकळ्या वेळात भूक तयार होते आणि त्याच वेळात दात सावरतात. मी सुरू केलं तेव्हा पहिले दोन दिवस लेक खूप रडली. मीही कच्ची पडले, एकदा बिस्किट दिलंच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी, मी ताट मांडायच्या आधीच ती खुर्चीवर चढून बसलेली होती. दोन्ही हात टेबलावर, माझ्याकडे बघत. ते दृश्य मी विसरणार नाही.

ताट पुढे ठेवलं की तुझं काम संपलं, हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी कामाची वाटणी करून दिलीय: काय, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. घासासाठी मागे धावायचं नाही, नाक दाबायचं नाही, मोबाइल दाखवून नकळत भरवायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, चेहरा न पाडता. आणि ताटात वाढ थोडंच. वयाच्या प्रत्येक वर्षामागे एका पदार्थाचा एक मोठा चमचा, एवढ्यापासून सुरुवात कर. दोन वर्षांच्या मुलाचे दोन चमचे आपल्याला दिसायला केवढेसे वाटतात! हवं असेल तर तो मागेल.

नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणजे आवडत नाही असं धरू नकोस. माझ्या धाकट्याला उकडलेलं गाजर चालायचं नाही. मी रोज नाही, पण एक दिवसाआड, त्याला आवडणाऱ्या पदार्थाशेजारी बोटभर मऊ तुकडा ठेवत गेले आणि कॅलेंडरवर टिंब करत गेले. आधी तो ताटच ढकलायचा. मग फक्त गाजर उचलून खाली टाकायचा. मग ते शेजारी पडलेलं चालायला लागलं. एकदा बोटाने दाबून पाहिलं, बोट हुंगलं. एकदा चाटून जागच्या जागी ठेवलं. एकदा चावून थुंकलं, मी काही बोलले नाही, माझं खात राहिले. तेराव्या टिंबाला त्याने गिळलं आणि दुसरा तुकडा मागितला. असे आठ ते पंधरा वेळा पदार्थ पुढे यावे लागतात, असं अभ्यासांत दिसलंय. आपण तिसऱ्या वेळेला हात टेकतो. आणि 'भाजी संपव, मग गोड देते' हे तर करूच नकोस, त्याने भाजी ही शिक्षा होते आणि गोड हे बक्षीस.

रात्रीची बाटली एकदम काढू नकोस, रोज थोडं दूध कमी करत ने, शेवटी नुसतं पाणी. झोपायच्या आधीचं दूध कपातून, मग ब्रश, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. ब्रशला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, पण फ्लोराइडची, १००० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड). तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. त्याचे दात तूच घास, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मुलांना स्वतःला नीट जमत नाही. मी मांडीवर डोकं घेऊन, वरून वाकून घासते, म्हणजे सगळं दिसतं. रडला तरी तोंड उघडंच असतं, तेवढ्यात होऊन जातं.

द्राक्षं उभी चार भाग करूनच दे, आणि अख्खे दाणे, शेंगदाणे, बदाम चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच, घशात अडकतात.

वजन वाढायचं थांबलं असेल, घास गिळताना तो ठसकत किंवा गुदमरत असेल, खाण्यातले पदार्थ कमी होत होत हाताच्या बोटांवर आले असतील, फिकट दिसत असेल किंवा माती-खडू खात असेल, तर माझं पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. लोह तपासून घे. लोहाचे थेंब दिले तर दातांवर काळे डाग पडतील, ते वरवरचे असतात, निघतात, त्याला घाबरून औषध थांबवू नकोस. आणि डेंटिस्टकडे एकदा ने, दुखत नसलं तरी. खरं तर पहिला वाढदिवस होईपर्यंत न्यायचं असतं, मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

आज रात्री तो झोपला की टॉर्च घे, वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचल आणि हिरडीच्या कडेला बघ. पांढरी रेघ आहे का, दात चकचकीत आहेत का, ते मला लगेच कळव. रात्र झाली असली तरी फोन कर, मी जागीच असते.

त्याला माझा पापा. आणि तूही जेव गं वेळेवर.

तुझीच