सूचना : गोठणबिंदूआधी ट्रेलरचे पाणी उतरवा

सर्व सभासदांनो, रात्रीचे तापमान शून्याखाली जाण्याआधी कॅम्पिंग ट्रेलरमधले (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातले) पाणी काढून घ्या. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि नळाचे जोड, पंप, व्हॉल्व्ह तडकतात. गळती मात्र कळते थेट वसंतात.

आधी मैल्याची टाकी रिकामी करून धुवा, मग सांडपाण्याची. म्हणजे साबणाच्या पाण्याने होजही धुतला जातो. गोड्या पाण्याची टाकी आणि नळ्यांचे सर्वांत खालचे ड्रेन उघडा. फिल्टरचे कार्ट्रिज काढून ठेवा.

गीझरकडे खास लक्ष द्या. गॅस व वीज बंद, पाणी पूर्ण थंड, दाब सोडलेला, त्यानंतरच ड्रेन प्लग काढा. घाई केलीत तर उकळते पाणी अंगावर येईल. पुढे बायपास (गीझर वगळून पाणी पुढे नेणारा व्हॉल्व्ह) फिरवायला विसरू नका, नाहीतर गीझरची टाकीच वीसेक लिटर अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारे द्रव) गिळते.

पंपाच्या सक्शनला (पाणी ओढणाऱ्या तोंडाला) नळी जोडून गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटीफ्रीझ ओढा. एरवी ८ ते १२ लिटर पुरते. मोटारीच्या रेडिएटरचे विषारी असते, ते अजिबात नको. प्रत्येक नळ, गरम आणि थंड वेगवेगळा, गुलाबी धार येईपर्यंत उघडा. फ्लश आणि बाहेरचा शॉवर हमखास राहून जातात.

शेवटी प्रत्येक पी-ट्रॅपमध्ये (सिंक-शॉवरखालच्या पाणी साठणाऱ्या वाकड्या पाइपमध्ये) कपभर आणि मैल्याच्या व सांडपाण्याच्या दोन्ही टाक्यांत थोडे अँटीफ्रीझ ओता. त्याने व्हॉल्व्हचे रबरी सील कोरडे पडत नाहीत.