फणसाच्या फळीचं प्रकरण

पेडणे,
२० जुलै २०२५

प्रिय पक्या,

काकी गेल्या तेव्हा फोनवर दोन मिनिटं बोललो, त्यानंतर आजच लिहितोय. दीड वर्ष झालं. सबबी आहेत, पण माझ्या सबबी तुला पाठ आहेत, तेव्हा राहू दे. तब्येत बरी. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा पावसात कुरकुरतो. आईला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर येतं.

लिहायचं कारण वेगळंच. गेल्या महिन्यात माळ्यावरून ती फळी काढली. कुठली ते तुला सांगायला नको. अण्णांनी चौरंगासाठी आणलेली, आपण ढापलेली, आणि जिच्यापायी मी मार खाल्ला (तू मागच्या दारानं पळालास, ते मी विसरलेलो नाही).

झालं काय, धाकटी आता नववीत आहे आणि तिच्या डोक्यात ग्लायडर शिरलंय. नकाशा म्हापशाहून मोठ्या कागदावर छापून आणला, बाल्साचं हलकं लाकूड मागवलं. पहिला प्रश्न, "बाबा, हे बांधायचं कशावर?" मी छाती काढून म्हटलं, आपल्याकडे फळी आहे, अस्सल फणसाची. खाली आणली, पुसली. पंखाचे तुकडे चिकटेपर्यंत जागेवर धरायला मारलेल्या जुन्या टाचण्यांची भोकं अजून तशीच. कोपऱ्यात तुझं नाव ब्लेडनं कोरलेलं, 'प' उलटा.

ही पोरगी बांधायला हात घालायच्या आधी फळीच्या चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकून बसली. कोनाकोनात दोन तंगूस, नायलॉनचे दोरे, ताणले, एक वरून, एक खालून. म्हणते, मधे एकमेकांना नुसते चाटून गेले पाहिजेत. नाही चाटले. मधोमध चार मिलिमीटर फट. मग वरचा तंगूस खाली घेतला, खालचा वर, तर दोघे एकमेकांवर चढून बसले. मधे चार मिलिमीटर म्हणजे एक कोपरा आठ मिलिमीटर उचललेला. फळीला सरळसरळ पीळ.

मी म्हटलं, अगं अडतीस वर्षं धुरात आणि ओलीत पडलीये, माणसं वाकतात, फळीचं काय घेऊन बसलीस. ती काही बोलली नाही. माळ्यावर त्या फळीमागेच डावा पंख होता. आपल्या विमानाचा. कागद कसरीनं खाल्लेला, पण बरगड्या आणि कण्याची काठी शाबूत. तिनं तो स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला, मुळाकडचं, म्हणजे धडाला जोडायचं टोक बोटानं दाबून धरलं. पंखाच्या शेंड्याला मागची कडा वर उचललेली. खालून तिची पट्टी सरकली, जवळजवळ तीन मिलिमीटर. मग तोच पंख उचलून फळीवर, त्याच भोकांवर ठेवला. पक्या, गपकन बसला. कुठे पोस्टकार्डसुद्धा जाईना.

म्हणजे फळी तेव्हाच पिळलेली होती.

आता पुढचं ऐक, कारण हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही. दोन्ही पंख आपण एकाच फळीवर बांधले, आठवतं? डाव्याचं मूळ खिडकीकडे, उजव्याचं दाराकडे. एकच पीळ, पण एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या टोकाकडून चढला. डाव्याच्या शेंड्याला मागची कडा वर गेली, म्हणजे उचल कमी. उजव्याच्या शेंड्याला पुढची कडा वर, म्हणजे उचल जास्त. पाच इंच रुंदीला तीन मिलिमीटर म्हणजे सव्वा अंश एकीकडे आणि सव्वा अंश दुसरीकडे. ते विमान डावीकडे वळणार नाही तर काय करणार?

गोवा राज्य झालं त्याच १९८७ च्या मे महिन्यात, मोपाच्या सड्यावर, पाच वेळा तू फेकलंस आणि पाचही वेळा ते डावीकडे कलून नाकावर आलं. पाचव्यांदा काजूच्या झाडात. मी काय काय बोललो! मनगट वळवतोस म्हटलं, विमान फेकतोस की शेण्या म्हटलं, काकींसमोर म्हटलं. तू एवढंच म्हणालास, "तू बांधलंस तेच वाकडं." त्यावर मी फळीची शपथ घेतली. नेमकी फळीची! चतुर्थीपर्यंत आपण बोललो नाही, आरतीला समोरासमोर उभे राहून झांजा वाजवल्या, तरी नाही.

तर ते असं आहे. तरी पाचव्यांदा तू जरा जोरातच फेकलंस, ते मी सोडणार नाही.

त्याच सड्यावर आता खरी विमानं उतरतात. २०२३ च्या जानेवारीपासून. परवा आई अंगणात वर बघून म्हणाली, "हे सरळ जातंय हो."

आता माझी खरी पंचाईत. नवीन फळी कुठली घ्यायची? तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही. बँकेत कर्जाच्या फाइलीवर परवा मी फळीची मापं लिहून ठेवली.

घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे तो ओटाच. बायको म्हणाली, तुमचं विमान उतरेपर्यंत भात कुठे शिजवू? शिवाय दगडात टाचणी जात नाही. काचेचं तेच. काच सपाट असते यात वाद नाही, वितळलेल्या कथलावर पसरून करतात ती, पण टाचणीऐवजी मग लोहचुंबक, आणि लोहचुंबक धरायला खाली पोलादी पत्रा. एवढा पत्रा आमच्या हवेत गणपतीपर्यंत गंजतो. म्हापशाचा दुकानदार एमडीएफ, लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घ्या म्हणून मागे लागला. सपाट आहे, खरं आहे. पण टाचणी हातोडीनं ठोकावी लागते, बाल्साची नाजूक पट्टी तेवढ्यात फुटते, आणि कडेनं पाणी प्यायला की फुगून बसतो. जुलैत पेडण्यात पाणी प्यायला बाटली लागत नाही, हवा पुरते. फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड स्वस्त, टाचणी छान जाते, पण दोन पंख झाले की भोकातून पीठ गळायला लागतं आणि टाचणी डुलते.

टाचणीसाठी खरा तो सॉफ्टबोर्ड, शाळेत नोटिसा लावायचो तो. लोण्यासारखी टाचणी जाते आणि धरूनही ठेवतो. पण एकटा ठेवला तर पापडासारखा मुरडतो. म्हणून खाली फ्लश डोअर, वर सॉफ्टबोर्ड, असं ठरवलंय. दाराला दोन्ही अंगांनी सारखाच प्लाय असतो, त्यामुळे दोन्हीकडून ताण सारखा. साडेसहा फूट बाय अडीच फूट, अख्खा पंख वर मावतो.

मेस्ताला, आमच्या सुताराला, घरी बोलावलं. तो म्हणे, "दार उभं लावतात, भाटकार." मी म्हटलं, हे आडवं राहणार. त्यानं बायकोकडे बघितलं. तुला मी कधी भाटकार, जमीनदार वाटलो का रे? चाळीस माडांचा भाटकार!

तरी दोन गोष्टींवर गाडी अडलीये. एक, व्हार्निश. मेस्त म्हणतो, वरची बाजूच दिसते, तीच मारू. म्हणजे खालची बाजू ओल पिणार आणि वरची कोरडी, चार महिन्यांत पुन्हा पीळ. दोन्ही बाजू आणि चारी कडा सारख्याच मारायच्या, यावर भांडण झालं. मी जिंकलो, पैसे जास्त गेले. दुसरं, सॉफ्टबोर्ड चिकटवायचा का? फेविकॉल पाण्याचा, एक अंग भिजवणार. म्हणून कडेनं स्क्रू मारायचे ठरवलंय, चाळण झाली की बदलता येईल. आणि दार चार पायांवर नाही ठेवणार. ओसरीची फरशी कशी आहे तुला ठाऊक आहे, चौथा पाय दार पिळून काढेल. तीन टेकू. तिपाई डगमगत नाही, हे अण्णा सांगायचे. फळीबद्दल मात्र बोलले नाहीत.

तू म्हणशील, एका खेळण्यासाठी एवढं? अरे, विमान ही बांधणार आणि फेकणार शेजारच्या काकतकरांची पोर. दोघी एकाच बाकावर बसतात.

तुझं कसं चाललंय? नवीन घरात गेलात का? मुलाचं बंगळुरूचं जमलं असं उडत उडत कळलं, छान झालं. वहिनींना नमस्कार. कोकमं पाठवतोय, मागच्यासारखी शेजाऱ्यांत वाटून टाकू नकोस.

आणि एक काम कर. उजव्या पंखाचा मोडका तुकडा तू पुण्याला नेला होतास, तू नेलास हे मला तेव्हाच ठाऊक होतं. टाकला नसशील. तुमच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे ना, त्यावर ठेव. मुळाकडचं टोक दाब आणि शेंड्याची पुढची कडा किती उचलते ते पट्टीनं मोज. तुकडा अर्धाच आहे, तेव्हा तीन नाही येणार, दीडच्या आसपास यायला हवं. आकडा कळव. पोरगी वहीत जागा सोडून बसलीये. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, येणार असशील तर तुकडाच घेऊन ये.

तुझा,
भाई