अकरा मिनिटांचा रस्ता दाखवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

पहिल्या फोनवर मी तुला ‘तुम्ही’ म्हणाले होते. तू लगेच म्हणालीस, ‘काकू, मला अहो-जाहो करू नका, मी बीडकडची, वाडीवरची पोर आहे.’ तेव्हापासून ‘तू’ म्हणते. ताई मात्र म्हणणारच. लेक म्हणते म्हणून आम्ही म्हणायला लागलो आणि आता घरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलंय. इथं तुझं नाव लिहीत नाही, तूच नको म्हणालीस.

परवा लेक दिल्लीहून सुट्टीला घरी आली. दिवाळीला तिकीट मिळालं नव्हतं, म्हणजे चांगले चार-साडेचार महिने झाले होते. जेवली आणि आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दहालाच उठली. रात्री मी तिची पिशवी रिकामी करत होते, त्यात एक वही निघाली. पानंच्या पानं इंग्रजीत, आणि कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात मराठी अर्थ. पहिल्या पानांवर समास मराठीनं गच्च भरलेला. पुढे पुढे तो रिकामा होत गेला होता. मला त्यातलं इंग्रजी कळत नाही, पण तो रिकामा होत गेलेला समास कळला. वही मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले आणि तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं.

मे-जूनमधले आमचे दिवस तुला थोडे माहीत आहेत, सगळे नाहीत. लेकीनं मार्चमध्ये प्रवेश परीक्षा दिली होती आणि दिल्लीच्या जेएनयूच्या, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव लागलं, एम.ए. भूगोलाला. बाहेरच्यांना वाटतं अशा घरी पेढे वाटले असतील. आमच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. नाव एवढं मोठं की नाही म्हणायची हिंमत होईना, आणि त्याच नावाबद्दल टीव्हीवर एवढं ऐकलेलं की हो म्हणायचीही होईना. २०१६ साली घोषणांच्या वादावरून ते विद्यापीठ बातम्यांत आलं तेव्हा माझी लेक प्राथमिक शाळेत होती. लोकांना त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं, पण बोलत सगळेच होते. धाकटे दीर म्हणाले, पोरगी हातची जाईल. लेक ज्यांच्याकडे तीन वर्षं भूगोल शिकली ते सर म्हणाले, ‘मराठी माध्यमातली आहे, झेपायचं नाही, इथंच बी.एड. करू द्या.’ वाईट ह्याचं वाटलं की ह्याच सरांनी तिला वर्गात पहिली म्हणून हार घातला होता.

आणि तो समुपदेशनवाला. जिल्ह्याच्या गावी काचेच्या दाराचं ऑफिस, आत गार हवा. त्यानं आमच्यापुढं रंगीत पुस्तिका ठेवली, एका खासगी विद्यापीठाची. पहिल्या वर्षाचे दोन लाख ऐंशी हजार, नोकरीची शंभर टक्के खात्री. मी विचारलं, भूगोल शिकून कसली नोकरी? तो म्हणाला, ‘मॅडम, विषय बदलता येतो.’ जेएनयूचं नाव काढलं तर हसला. पुढे पंधरा दिवस रोज फोन. मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत असले तरी फोन. ‘सीट जाईल, आज टोकन भरा.’ ह्यांची पिठाची गिरणी आहे. ह्यांनी गिरणीवर कर्ज काढायची चौकशीसुद्धा करून ठेवली होती, ते मला नंतर कळलं. पुढे आम्ही नाही म्हणालो, त्या दिवसानंतर त्या माणसानं आमच्या लेकीचं काय झालं हे विचारायला एकदाही फोन केला नाही. मला अजून त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तुझा नंबर कसा मिळाला ते आता आठवतही नाही. कुणाच्या तरी मैत्रिणीच्या ग्रुपवरून आला. लेकीनं भीत भीत मेसेज केला आणि तू त्याच संध्याकाळी फोन केलास. तू पीएच.डी. करतेस, स्वतःचं लिहायचं कामच डोंगराएवढं, तरी पाऊण तास बोललीस. ‘या’ म्हणाली नाहीस, ‘येऊ नका’ही म्हणाली नाहीस. आधी लेकीकडून काढून घेतलंस की तिला भूगोलात काय आवडतं. ती पावसाबद्दल बोलायला लागली. आमच्या तालुक्यात एका महसूल मंडळात पाऊस धो-धो पडतो आणि शेजारचं मंडळ कोरडं जातं, मग पीकविम्यात कशी गडबड होते, ते तिनं टीवायला असताना वहीत लिहून काढलं होतं. हे तिनं आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, ह्याच गोष्टी अभ्यासणारा विभाग इथं आहे, प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचं केंद्र, मूनिस रझा ह्या भूगोलतज्ज्ञाचा त्याच्या उभारणीत मोठा हात होता. मग अभ्यासक्रम पाठवलास आणि म्हणालीस, विद्यापीठाचं नाव झाकून हा वाच, आवडला तर पुढचं बोलू.

पुढचं तू बोललीस ते सगळं गोड नव्हतं. तिथली शिकवणी फी वर्षाला २१६ रुपये हे ऐकून ह्यांना खरंच वाटेना, तेव्हा तू म्हणालीस, ‘काका, २१६ वर भुलू नका.’ मेसचं बिल वेगळं, इतर शुल्क वेगळं, रजई घ्यावी लागते, जाण्यायेण्याची तिकिटं. वसतिगृह गेल्या गेल्या मिळेलच असं धरून चालू नका, जवळच्या मुनिरका नाहीतर बेर सराय वस्तीत खोली बघावी लागली तर दोन-तीन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा. मेरिट-कम-मीन्सची, म्हणजे गुण आणि घरची मिळकत बघून मिळणारी शिष्यवृत्ती महिना दोन हजारांची, ती लागली तर लागली, तिच्या भरवशावर येऊ नका. हे सगळं तू वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवलास. तो कागद आम्ही गिरणीत भिंतीला चिकटवला होता, पिठानं पांढरा झालाय, अजून आहे.

मग तुझा पहिल्या सत्राचा पेपर पाठवलास, लाल शाईनं भरलेला. खाली लिहिलंस, पहिले दोन महिने मला वर्गात निम्मं कळत नव्हतं, बाथरूममध्ये जाऊन रडायचे. इंग्रजीसाठी तिथं वेगळे वर्ग असतात, तिथं जायला मला लाज वाटत होती, तू लाजू नकोस. स्वतःचे कमी मार्क अनोळखी माणसांना कोण दाखवतं गं ताई? दीर म्हणाले होते ती हातची जाईल, सर म्हणाले होते झेपणार नाही. तू दाखवलंस की झेपत नाही तेव्हा नेमकं काय होतं आणि मग माणूस काय करतो.

एवढं असूनही माझा जीव टांगणीलाच होता. फी कळली, विषय कळला, तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. मला ज्याची भीती होती ते मी कुणाला विचारू शकत नव्हते. एकदा ताटं घासून झाल्यावर, लेक झोपल्यावर, मी तुला चोरून मेसेज केला. ‘ताई, रात्री पोरी कशा येतात-जातात?’ एवढंच.

साडेअकरा झाले असतील. तुझा व्हिडिओ कॉल आला. मी घाबरून उचलला. तू म्हणालीस, ‘काकू, मी ग्रंथालयातून निघालेय, रूमवर चाललेय. तुम्ही नुसतं बघा.’ आणि कॅमेरा समोर फिरवलास.

मी उंबऱ्यात बसले होते. लाइट गेलेली, फोनचाच काय तो उजेड. ती नऊ मजली इमारत तू मागे वळून दाखवलीस, बाबासाहेबांच्या नावाचं ग्रंथालय, खिडक्यांत दिवे. मग नुसता रस्ता. दोन्ही बाजूंना झाडी, पिवळे दिवे, तुझ्या चपलांचा आवाज. एक पोरगी एकटी, पाठीला पिशवी, कानात वायर, समोरून आली आणि निघून गेली. दोघी जणी कडेच्या दगडावर बसून कागदात काहीतरी खात होत्या. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं, त्याला वळसा घालून तू गेलीस. पुढे झुडपात काहीतरी मोठं हललं, मी ‘अगं बाई’ म्हणाले, तू हसून म्हणालीस, नीलगाय आहे, रोजचीच. त्यापलीकडे तू काही बोलली नाहीस. मला काही पटवून द्यायला गेली नाहीस. ते हजार एकरांचं रान मी आमच्या उंबऱ्यात बसून बघत होते.

मागे हे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. मी विचारलं, ‘भीती नाही वाटत?’ तू थोडं थांबलीस. म्हणालीस, ‘दिल्लीची वाटते काकू. ह्या रस्त्याची नाही वाटत.’

मग फाटक आलं, पाटी आली. गोदावरी वसतिगृह. तू सांगितलंस की इथली वसतिगृहं नद्यांच्या नावांची आहेत, गंगा, झेलम, साबरमती, पेरियार, कोयना, चंद्रभागा. आमच्या गंगाखेडला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, जनाबाईंच्या गावची गंगा. ह्यांनी मागून विचारलं, ‘गोदावरी म्हणजे आपलीच का?’

‘आपलीच, काका.’

हे आत जाऊन पडले. थोड्या वेळानं अंधारातूनच म्हणाले, ‘सचखंड गाडीचं तिकीट बघ म्हणावं तिला.’

कॉल अकरा मिनिटांचा होता, फोनवर अजून दिसतो. नंतर लेकीनं मला सांगितलं की त्या रात्री तुझा ताप उतरायचा होता आणि तू एरवी नऊलाच परतली असतीस. माझा मेसेज बघून तू थांबलीस, रात्रीचा रस्ता रात्रीच दाखवायचा म्हणून. हे कळलं तेव्हा मी अंगणवाडीतल्या लेकरांसमोरच रडले.

पुढचं तुला माहीत आहे. परभणीहून सचखंडनं निघालो. गाडीत लंगरचा प्रसाद वाढायला माणसं आली, आम्ही ताटल्या पुढे केल्या. कुणाचं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, वाढत पुढे गेली. मला तेव्हा तुझी आठवण आली. आपल्या भागात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या देतात, मग विचारतात कुठून आलात. मोठ्या ऑफिसात गेलं की हा क्रम उलटा होतो, आधी पैसे किती आणता ते विचारतात. तरीही पाणी आधी देणारी माणसं आहेत, आणि ती जिथं कुणी बघत नाही तिथं जास्त आहेत, असं माझं आता ठाम मत झालंय. स्टेशनवर तू उन्हात उभी होतीस, हातात पाण्याची बाटली. मी तुला बघून ओळखलं नाही, आवाजानं ओळखलं. तुझा चेहरा मी त्या रात्री बघितलाच नव्हता, रस्ताच बघितला होता.

२०२५ च्या सरकारी क्रमवारीत ते देशातल्या विद्यापीठांत दुसरं आलं, तिथं शिकलेले नोबेलपर्यंत गेले, हे मला आता लोक कौतुकानं सांगतात. तेच दीर सांगतात. मला त्याचा आनंद आहे, पण आम्ही तिला पाठवलं ते क्रमांक बघून नव्हे, हे त्यांनाही मी तोंडावर सांगितलं. लेकीला अजून सोपं जात नाही. एका पेपरला कमी पडलेत, परवा तिनंच सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली नाही. वसतिगृह मिळेपर्यंत सात आठवडे तिनं खोलीत काढले, त्यातले किती दिवस ती तुझ्याकडे जेवली ह्याचा हिशेब मला कुणी देत नाही. तूही देणार नाहीस.

हे पत्र मी सगळ्यांपुढं लिहितेय, कारण आमच्यासारखी घरं जूनमध्ये पुन्हा जागरण करणार आहेत. एखाद्या गावची पोरगी यादी हातात घेऊन बसेल आणि तिची आई अंधारात बसेल. तिला जर कुणी ओळखत असेल आणि तो रस्ता कुणाला माहीत असेल, तर कृपा करून दाखवा. वाईटही दाखवा.

लेक रविवारी परत निघते. तिच्याबरोबर येसर, म्हणजे आमटीचं भाजून दळलेलं पीठ, पाठवते आहे, दोन डबे. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सगळं मंद आचेवर भाजून ह्यांनीच गिरणीत दळून दिलंय, दुसऱ्या कुणाला दळू दिलं नाही. तिखट जरा कमी घातलंय, तुला तिथलं पाणी सोसत नाही म्हणालीस म्हणून. दोन चमचे गार पाण्यात कालवून घे, गुठळी राहू देऊ नकोस, मग फोडणीत ओत आणि चांगली उकळी येऊ दे. इलेक्ट्रिक किटलीत करू नकोस, तळाला लागतं. दोन्ही डब्यांवर लेकीचं नाव आहे. निळ्या झाकणाचा तुझा.

तुझी,
गंगाखेडची काकू